धडा ७ : घरातली तबकडी

हिब्रूत गाण्याच्या जुन्या काळ्या रेकॉर्डला 'तक्लित' म्हणतात आणि सीडीला 'तक्लितोर'. मराठीत दोन्हींना एकच शब्द चालतो : तबकडी. तबक म्हणजे ताट. तबकडी म्हणजे लहान तबक.

आपल्या पुष्कळ घरांत कपाटाच्या खणात अशा तबकड्या असतात. भारतातून आणलेल्या कॅसेटवरचा आजीचा आवाज, मेंदीची गाणी, मलिद्याचा कार्यक्रम, एखादं मराठी कीर्तन हे सगळं कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी तबकडीवर उतरवलेलं असतं. 'आता ते कायमचं सुरक्षित आहे' असं आपण समजतो. ते कितपत खरं आहे, ते या धड्यात पाहू.

किती मावतं?

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्यांचा नेहमीचा व्यास १२ सेंटीमीटर असतो. फरक असतो लेसरच्या किरणात. किरण जितका बारीक, तितक्या खुणा दाटीने बसतात. म्हणून सीडीवर ७०० मेगाबाइट, एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट आणि एकपदरी ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मावतात.

सीडीच्या दर्जाचा एक तासाचा आवाज सुमारे ६३५ मेगाबाइट होतो. म्हणजे एका तासाची कॅसेट एका सीडीवर बसते. तशा सात कॅसेट एका डीव्हीडीवर बसतात.

डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ लिहिलेलं असतं, पण संगणक ४.४ च्या आसपास दाखवतो. यात फसवणूक नाही. वेष्टनावर हजाराच्या पटीत मोजतात, तर संगणक बहुधा १०२४ च्या पटीत मोजतो.

खूण कशी उमटते?

दुकानातून विकत आणलेल्या गाण्यांच्या सीडीवर खड्डे साच्याने दाबून उमटवलेले असतात. घरी भरायच्या सीडीत तसं नसतं. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्या थरात खुणा पडतात. त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा चकचकीत थर असतो आणि सर्वांत वर लाखेसारखा पातळ लेप असतो.

रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवेने बिघडतं. चांदी काळवंडते, सोनं काळवंडत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सीडीची नाजूक बाजू खालची चकचकीत बाजू नव्हे, तर आपण नाव लिहितो ती वरची बाजू. तिथे ओरखडा पडला, तर मजकुराचा थरच खरवडला जातो.

बिघाड दिसत का नाही?

कॅसेट जुनी झाली की खरखर ऐकू येते. ती आपल्याला आधी सूचना देते. तबकडी तशी सूचना देत नाही.

आजी बोलता बोलता एखादा शब्द गिळते, तरी पुढच्यामागच्या शब्दांवरून आपल्याला अर्थ कळतो. तबकडीवरही असेच जादा आकडे लिहिलेले असतात. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी मांडलेली पद्धत त्यासाठी वापरतात. तिच्यामुळे सीडीच्या रेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग चूक पूर्ण भरून काढता येते. पण चुका वाढत वाढत त्या मर्यादेपलीकडे गेल्या की सांधणं थांबतं. काल नीट वाजलेली तबकडी आज अडते ती यामुळे. म्हणून 'अजून वाजते आहे' याचा अर्थ 'ठणठणीत आहे' असा नव्हे. वाजते आहे तोवरच नक्कल करून घ्या.

काय करावं?

• तबकड्या डब्यात उभ्या ठेवाव्यात. जागा कोरडी, थंड आणि अंधारी असावी. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तबकडी कधीही ठेवू नये.
• वर कागद चिकटवू नये. नाव पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने लिहावं.
• पुसताना मऊ फडकं मधून कडेकडे सरळ न्यावं, गोल फिरवू नये.
• नवी तबकडी भरल्यावर संगणकाकडून ती मूळ फाइलशी ताडून घ्यावी.
• तीन प्रती ठेवाव्यात : एक तबकडीवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी.

शब्दार्थ

खण – कपाटातला कप्पा
काळवंडणे – काळं पडणे
सांधणे – तुटलेलं जोडणे
ताडून पाहणे – एकाशी दुसरं जुळवून खात्री करणे
ठणठणीत – पूर्ण निरोगी

स्वाध्याय

१. दीड तासाच्या सहा कॅसेट सीडीच्या दर्जात एका डीव्हीडीवर मावतील का? हिशेब मांडा.
२. 'वाजते आहे' आणि 'ठणठणीत आहे' यांतला फरक तीन वाक्यांत लिहा.
३. घरातली एक जुनी तबकडी वडीलधाऱ्यांसोबत ऐका. कोण बोलतंय, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, हे विचारून पाच ओळी मराठीत लिहा आणि तो कागद तबकडीच्या डब्यात ठेवा. आवाज वाचला पण तो कोणाचा हे सांगणारं कोणी उरलं नाही, तर अर्धी ठेव गेलीच.