अदलाबदल झालेली पिशवी

प्रश्न : दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रोडवर गेलो होतो. गर्दीत पिशवी बदलली. घरी येऊन पाहतो तर दुसऱ्याच कुणाची नवी साडी, लहान मुलाचे कपडे आणि पाकिटात पैसे! सासूबाई म्हणतात, सणाला आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. यजमान म्हणतात, पोलिसांत गेलो तर आपल्याच अंगाशी येईल. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, घाबरू नका. परत देण्यासाठी वस्तू जपून ठेवणं हा गुन्हा नाही. मालकाचा पुरेसा शोध न घेता, वाजवी काळ न थांबता ती स्वतःची म्हणून वापरली, तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. सासूबाईंना एवढंच सांगा, की ज्या घरी ते कपडे जायचे होते तिथलं लेकरूही वाट पाहत असेल.

आधी पिशवीत बिल शोधा आणि त्या दुकानात फोन करा. बरेच दुकानदार बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर घेतात. तो तुम्ही मागू नका. त्यांनाच निरोप द्यायला सांगा. तुमची पिशवीही बहुधा तिथूनच मिळेल. व्हॉट्सअॅपवर टाकायचंच तर ‘पिशवी सापडली आहे’ इतकंच लिहा. साडीचा रंग, पैशांचा आकडा मागणाऱ्याने सांगायला हवा. अनोळखी माणसाला घरी बोलावू नका. देवाणघेवाण दुकानातच करा. शोध लागलाच नाही, तर वस्तूंची यादी करून पिशवी पोलीस चौकीत द्या आणि यादीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.