जुन्या उंची वस्त्रांचे दुकान

जुनी लुगडी, शालू व शेले यांची स्वतंत्र दुकाने अलीकडे शहरांतून निघू लागली आहेत. त्यांस 'व्हिंटेज बुटीक' म्हणतात. आमच्या लोंढ्यातील काही तरुणांनी या धंद्याविषयी विचारणा केली, म्हणून हे चार शब्द.

लोंढा हे बेळगाव, हुबळी व गोवा या बाजूंच्या लोहमार्गांचे जंक्शन. माल गोळा करण्यास गाव सोयीचे; परंतु येथे प्रवासी गाडी बदलतो, खरेदीस थांबत नाही. दुकान बेळगावास किंवा पणजीस असावे. शिवाय आमच्या पावसात रेशमास बुरशी धरते.

धान्य घेताना आपण पोत्याच्या पोटातला दाणा पाहतो, तशी लुगड्याची घडी उलगडून पाहावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम तेथेच चिरते. इरकलीत रेशमी पदराचा ताणा अंगाच्या ताण्याशी फासात फास गुंतवून जोडलेला असतो. तो जोड बोटांनी चाचपावा. खरी जरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. किंचित खरवडून धातू पांढरा निघाला तर चांदी, तांबूस निघाला तर तांबे.

ही पारख घेणाऱ्यास असते, विकणारीस बहुधा नसते. आमच्याच घरातून मातोश्रींचे जरीकाठी लुगडे स्टीलच्या एका पातेल्यावर बोहारणीकडे गेले! तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे व खोटा माल खरा म्हणून देणे हे त्यांतील दोन या धंद्यास थेट लागू पडतात. मोल ओळखूनही मौन राखून स्वस्तात घेणे हे तेथे निराळे सांगितलेले नाही. आम्ही मात्र ते त्याच पंक्तीस बसवतो. म्हणून जरीचा कस आधी सांगावा, मग भाव बोलावा. त्याहून बरे म्हणजे आपली अडतीची रीत: वस्त्र तिच्याच मालकीचे ठेवून विकून द्यावे व ठरलेली अडत घ्यावी. भांडवलही अडकत नाही.

रोखीने विकत घेतल्यास केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधील नियम ३२(५) ध्यानात ठेवावा. जुन्या मालाच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर पडतो. मात्र खरेदीवरील कराची वजावट घेतलेली नसावी व मालाचे स्वरूप पालटलेले नसावे. लुगडे धुऊन रफू केले तर हरकत नाही, कापून झगा शिवला तर ही सवलत धरता येणार नाही. वहीत प्रत्येक नगाची खरेदी निराळी लिहावी आणि विकणाराचे नाव, गाव व सही त्याच ओळीत घ्यावी.