वॅक्स गरम होत असतानाच विचारा

बिकिनी वॅक्स करून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी जांघेला कपड्याची कडसुद्धा सहन होईना. दोन जागी त्वचेचा वरचा थर सोलून निघाला होता. पार्लरमधल्या मुलीने हातापायांचंच पातळ वॅक्स तिथे लावलं होतं आणि केस राहिले म्हणून त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पट्टी ओढली होती. "ताई, पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतं," असं ती म्हणत राहिली. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मात्र ठणकावून सांगितलं, असं कुणालाच व्हायला नको.

त्यानंतर एका मुरलेल्या ब्यूटिशियनकडून हे काम नीट समजून घेतलं. या नाजूक भागासाठी हार्ड वॅक्स असतं. ते गार होताना केसाला धरतं, त्वचेला कमी चिकटतं आणि कापडी पट्टीशिवाय निघतं. केस साधारण पाव इंच हवेत. लांब असतील तर आधी कातरायचे. वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर लावून ती गरमपणा बघते, मग केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने थोड्याच भागावर पसरते. एका हाताने त्वचा ताणून धरते आणि उलट दिशेने, अंगाला समांतर, एका झटक्यात ओढते. वर उचलून ओढलं की केस मधेच तुटतात, काळंनिळं पडतं. ओढल्याबरोबर तळहात दाबून ठेवते, त्याने कळ लगेच ओसरते. चुकार केस राहिले तर चिमट्याने काढते, त्याच जागी पुन्हा वॅक्स नाही.

स्वच्छतेबाबत तर मी आता जराही भीड ठेवत नाही. अंगाला लागलेली लाकडी पट्टी पुन्हा वॅक्सच्या भांड्यात बुडाली, की आधीच्या बाईचे जंतू आपल्यापर्यंत येऊ शकतात. दर वेळी नवी पट्टी, हातात ग्लोव्ह्ज, खाली नवा कागद. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एका तरुणीची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. तिचा मधुमेह आटोक्यात नव्हता आणि बिकिनी वॅक्सनंतर झालेला जंतुसंसर्ग जिवावर बेतला होता. म्हणून मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोईन घेत असाल तर वॅक्स नकोच, गोळ्या थांबल्यावरही सहा महिने नको. त्या जागी फोड किंवा जखम असेल तरी पुढे ढकला.

आणि हे करायलाच हवं असंही नाही. तिथले केस घर्षणापासून त्वचेला जपतात. ते काढण्यात आरोग्याचा काही फायदा नाही. ज्यांना हवं त्यांनी करावं, कुणाच्या टोमण्यापायी नको.

वॅक्स केलंच, तर नंतरचा दिवसभर तरी सैल सुती कपडे घाला. कढत पाणी, जिम, पोहणं, शरीरसंबंध टाळा. दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने स्क्रब केलं तर केस आत वळून गाठ होण्याचा त्रास कमी होतो. थोडी लाली एक-दोन दिवसांत जाते. पण लाली पसरत असेल, पू दिसला किंवा ताप आला, तर घरगुती लेप लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कोणत्या भागाचं वॅक्स केलं तेही न लाजता सांगा. त्याने नेमका उपचार ठरवणं सोपं जातं.