हाताला काम, कामाची मजुरी

आपल्या गावात असा एखादा तरुण असतोच. वय बावीस-तेवीस. अंगाने धडधाकट. पण बोलणे लहान मुलासारखे. हिशेब जमत नाही. नवी गोष्ट शिकायला फार दिवस लागतात. लोक त्याला खुळा म्हणतात, कोणी वेडाही म्हणतो. हे बोलणे बरे नव्हे, आणि खरेही नव्हे. मनाचा आजार वेगळा. त्यावर औषधपाणी असते. याच्या बुद्धीची वाढ मंद झालेली आहे. पूर्वी अशांना मतिमंद म्हणत. आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात.

त्याच्या आईबापाला एकच घोर असतो. "आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्या मागे याचं कोण?"

हा घोर नवा नाही. मुंबईत वकील नावाच्या पारशी जोडप्याला अशीच मुलगी होती. तिच्यासारख्या मुलांसाठी १९४४ साली त्यांनी शाळा काढली. ती जय वकील शाळा आजही चालू आहे. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोशी यांनी कामायनी संस्था काढली. मुले मोठी झाली तसा पुढचा प्रश्न आला. शाळा संपली, आता काय? मग कामाच्या शाळा निघाल्या.

अमरावती जिल्ह्यात वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपली मुले मानून वाढवले. या मुलांच्या हातांनी तिथल्या माळावर हजारो झाडे उभी राहिली. नियम असा, की अठरा वर्षे झाली की मुलाने बालगृह सोडायचे. पण ही मुले जाणार कुठे? शंकरबाबांनी हा प्रश्न सरकारपुढे पुन्हा पुन्हा मांडला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. छत्रपती संभाजीनगराभोवती वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथे कारखाने आहेत. कागजीपुऱ्यात हातकागद बनतो. खेड्यात रोपवाटिका आहेत, कोंबड्यांच्या शेड आहेत. या प्रत्येक ठिकाणी रोज तेच ते काम असते. आपल्याला त्याचा कंटाळा येतो. या मुलांपैकी पुष्कळांना मात्र रोजचे ठरलेले कामच आवडते. सगळी सारखी नसतात, हेही लक्षात ठेवावे. एकाला गोंगाट सोसत नाही, दुसऱ्याला माणसांतच करमते. म्हणून आधी मुलगा बघावा, मग काम ठरवावे.

शिकवायचे कसे? समजा, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या आहेत. "पिशव्या भर," असे म्हणून मालक निघून गेला, तर मुलगा नुसता उभा राहील. मग लोक म्हणतील, याला काही येत नाही. खरे तर त्या एका कामात पाच कामे आहेत. पिशवी उघडणे. डब्याने माती घेणे. माती पिशवीत ओतणे. पिशवी आपटून माती बसवणे. पिशवी ओळीत ठेवणे. एकेक पायरी वेगळी शिकवावी. तोंडाने फार सांगू नये, हाताने करून दाखवावे. माती मोजायची भानगडच ठेवू नये. एक डबा म्हणजे एक पिशवी, असा डबा निवडून द्यावा.

आणखी एक युक्ती आहे. पुष्कळदा शेवटची पायरी आधी शिकवतात. चार पायऱ्या आपण करायच्या, पिशवी ओळीत त्याने ठेवायची. काम पुरे झाल्याचे त्याला डोळ्यांनी दिसते. मग त्याच्या आधीची पायरी, मग तिच्या आधीची. याला आठवडे लागतील, कधी महिने लागतील. पण एकदा बसलेली सवय सहसा मोडत नाही.

जुनी रीत अशी होती, की आधी वर्षानुवर्षे शिकवायचे, मग काम शोधायचे. पुष्कळ मुले शिकतच म्हातारी झाली. नवी रीत उलटी आहे. आधी काम धरायचे, आणि तिथेच शिकवायचे. एक सोबती त्याच्या जवळ राहतो. काम जमू लागले की तो हळूहळू बाजूला होतो. अमेरिकेने १९८६ साली या रीतीला कायद्यात जागा दिली. सोबती आपल्याकडेही होऊ शकतो. शिकलेली बहीण असेल, चुलतभाऊ असेल, शेजारचा जुना कामगार असेल.

आता मजुरीचे बोलू. काही मालक म्हणतात, "जेवू घालतो, कापड घेतो. त्याला पैसा कशाला?" हे आम्हाला मुळीच पटत नाही. शंभर पिशव्यांना दुसऱ्या मजुराला जो दर, तोच याला. त्याने दिवसात कमी पिशव्या भरल्या तर पैसे कमी होतील. पण दर कमी का? आणि पैसे त्याच्या नावाच्या बँकखात्यात पडावेत. घरच्यांनीही ते परस्पर खर्चू नयेत.

२०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल, तर सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव असतात. त्यांपैकी एक टक्का बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, मनाचे आजारी अशा काही प्रकारांना मिळून आहे. एक टक्का आणि वाटेकरी इतके! शिवाय शिक्षणाची अट असते. म्हणून आमचा भरवसा जवळच्या कामावर जास्त आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ते कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारावे. कामाची हत्यारे घेता येतील का, तेही विचारावे.

मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान होतो. मग त्याच्या वतीने बापाची सही आपोआप चालत नाही. यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्ह्याची एक समिती असते, कलेक्टर तिचे प्रमुख असतात. ही समिती पालक नेमून देते. हा अर्ज आईबाप हयात असतानाच करावा. त्याला दिव्यांगाचा दाखला लागतो. दाखला सरकारी दवाखान्यात तपासणी करून मिळतो. तपासणी रोज असतेच असे नाही. वार विचारून मगच निघावे, म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी फुकट जाणार नाही.