३,५०० पाउंड म्हणजे नक्की किती? : छोट्या गाडीमागे घर ओढण्याचं गणित

'स्टॅटिक्सचा पुढे उपयोग काय?' हा प्रश्न फर्स्ट इयरला सगळ्यांनाच पडतो. व्हायव्हाला विचारतात, पेपरला येतं, मग विसरायचं! पण यंदा मला त्याचा असा उपयोग झाला, की तो मासिकात लिहावासा वाटला.

माझी ताई आणि दाजी कॅलिफोर्नियात असतात. त्यांच्याकडे टोयोटा सिएना हायब्रिड ही गाडी आहे. उन्हाळ्यात आई-आबा तिकडे जाणार, तेव्हा सगळ्यांनी मिळून ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरायचं असं ठरलं. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, कधी बाथरूमसुद्धा. स्वतःचं इंजिन नाही, गाडीमागे जोडायची आणि निघायचं. दाजींना सेकंडहँड बाजारात एक मोठा, बाथरूमवाला ट्रेलर आवडला होता. विक्रेता म्हणाला, "तुमच्या गाडीची टोइंग कपॅसिटी ३,५०० पाउंड, ट्रेलर रिकामा २,८०० पाउंड. आरामात जाईल." आगाऊ रक्कम द्यायला चार दिवस होते. ताईनं मला फोन केला, "तू मेकॅनिकलचा ना? मग सांग, घ्यायचा का?"

चार दिवसांत जे वाचलं आणि मांडलं, ते इथे देतो. एम.एस. करायला परदेशी जाणाऱ्यांना कधीतरी उपयोगी पडेल, आणि बाकीच्यांची निदान रिव्हिजन होईल.

१) कपॅसिटीचा आकडा कुठून येतो?

अमेरिकेत टोइंग कपॅसिटी ठरवण्यासाठी एसएई संस्थेचं जे-२८०७ हे प्रमाण आहे. ते २००८ साली प्रसिद्ध झालं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं आकडा द्यायची. या प्रमाणातली सगळ्यात अवघड परीक्षा म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ. सुमारे १८ किलोमीटर सलग चढ, बाहेर ३८ अंश तापमान, एसी पूर्ण चालू, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली जाता कामा नये.

पण मेख अशी, की या चाचण्यांत गाडीत माणसं धरतात दोनच, प्रत्येकी १५० पाउंडांची. आमच्याकडे माणसं सहा! म्हणजे ३,५०० पाउंड, किलोत १,५८८, हा आकडा खोटा नाही, पण तो आपल्यासाठी काढलेला नाही.

२) बैलगाडीचा धडा : टंग वेट

ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. काही भाग पुढच्या दांडीतून गाडीच्या हिचवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. अमेरिकेतल्या ट्रेलरांना ते भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात.

हे मी आबांना समजावायला लागलो, तर तेच मला म्हणाले, "अरे, ही तर उलाळ गाडी!" बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. फार पुढे भरला तर बैलांची मान दबते. म्हणून जाणता गाडीवान माल असा लावतो की मानेवर थोडं वजन राहील. ट्रेलरचं तत्त्व हेच. फरक एवढाच, की बैल ताशी ४ किलोमीटरनं चालतो आणि इथे वेग ८०-९०.

टंग वेट कमी असेल, म्हणजे गुरुत्वमध्य एक्सलच्या फार जवळ किंवा मागे गेला असेल, तर ठरावीक वेगानंतर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि प्रत्येक झोक्याला डोलणं वाढतं. यालाच स्वे म्हणतात. आम्ही हे जिमच्या ट्रेडमिलवर करून पाहिलं. लाकडी पट्टीला दोन चाकं लावली, पुढचं टोक दोऱ्यानं बांधलं आणि नाण्यांचं वजन ठेवलं. नाणी पुढे असताना ढकललं तरी पट्टी दोन झोक्यांत सरळ होत होती. तीच नाणी मागे सरकवल्यावर वेग वाढताच पट्टी वेड्यासारखी हलून उलटली. रेक्टर सरांनीही थांबून पाहिलं. (जिममध्ये पुन्हा नाणी आणायची नाहीत, अशी सूचना मिळाली आहे.)

खऱ्या रस्त्यावर असं झालं तर? घाबरून गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हातानं लावायचे.

३) दारावरचं पिवळं लेबल

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या गाडीचं ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायर आणि वजनाचं लेबल दिसतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. याला पेलोड म्हणतात. टंग वेट गाडीवर येतं, म्हणून तेसुद्धा पेलोडमध्येच मोजायचं. विक्रेते बहुतेकदा हे सांगत नाहीत. ताईला लेबलाचा फोटो पाठवायला सांगितला. आकडा होता १,२५० पाउंड, म्हणजे ५६७ किलो. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचा आकडाही वेगळा असू शकतो, म्हणून आपल्याच गाडीचं लेबल वाचायचं.

हिशोब असा :

चार मोठे आणि दोन मुलं : ३३० किलो
गाडीतलं सामान : ८० किलो
हिचचा सांगाडा : २० किलो
एकूण : ४३० किलो
टंग वेटसाठी शिल्लक : १३७ किलो

टंग वेट १२ टक्के धरलं, तर १३७ भागिले ०.१२ म्हणजे ट्रेलर जास्तीत जास्त १,१४० किलोचा. म्हणजे ३,५०० पाउंडांचे झाले सुमारे २,५००! ते रिकाम्या ट्रेलरचं नव्हे, भरलेल्या ट्रेलरचं वजन.

आणखी एक बाब. हिच मागच्या एक्सलच्याही मागे असतो. सिएनाचा व्हीलबेस सुमारे ३.०६ मीटर. हिचचा गोळा मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे आहे असं धरा. १३० किलो टंग वेट ठेवलं तर मोमेंट घेऊन मागच्या एक्सलवर वाढतात १३० × ४.२६ ÷ ३.०६ = १८१ किलो, आणि पुढच्या एक्सलवरून ५१ किलो कमी होतात. सिएनाची पुढची चाकं ओढतात, वळतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतात. उसाच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना जास्त सांगायला नको.

४) 'ड्राय वेट'चा भुलभुलैया

ट्रेलरच्या माहितीपत्रकात ठळक छापतात ते ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोण फिरतं? ९०० किलो ड्राय वेटचा ट्रेलर घेऊ :

गॅसचं भरलेलं सिलिंडर १७, बॅटरी २५, एसी ३५, भांडी-अंथरुणं-खुर्च्या-शिधा १३०. एकूण झाले १,१०७ किलो. टाकीत ७५ लिटर पाणी भरलं की १,१८२, म्हणजे मर्यादा ओलांडली. उपाय सोपा आहे. पाणी मुक्कामावर भरायचं. प्रवासात रिकामी टाकी म्हणजे फुकटात ७५ किलो कमी.

दुसरी युक्ती. गाडीतलं ३० किलो सामान ट्रेलरमध्ये, शक्यतो एक्सलच्या वर ठेवलं तर गाडीवरचे ३० किलो कमी होतात आणि टंग वेट फक्त ३-४ किलोनं वाढतं. म्हणजे ट्रेलर १,१३७ किलो, टंग वेट १३६, आणि पेलोडमध्ये शिल्लक १६७. जवळजवळ ३० किलोची सवड मिळाली. मात्र ट्रेलरच्या स्वतःच्या कमाल वजनाचा आकडा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, त्याच्या लेबलावर असतो. तो ओलांडता कामा नये. हिचवरही कमाल टंग वेट छापलेलं असतं, तेही बघायचं.

आता दाजींचा आवडता ट्रेलर. रिकामा १,२७० किलो, भरून सुमारे १,५५०. १,५८८ च्या आत! विक्रेता खोटं बोलत नव्हता. पण टंग वेट १८६ किलो आणि शिल्लक १३७. म्हणजे ४९ किलो जादा. मी दाजींना म्हटलं, "दाजी, ट्रेलर नेता येईल, पण आईला घरी ठेवावं लागेल." फोनवर बराच वेळ शांतता होती.

५) वारा, चढ आणि उतार

वाऱ्याला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. ताकद = ०.५ × हवेची घनता × सीडीए × वेगाचा घन. यात सीडीए म्हणजे ड्रॅग गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ. नुसत्या गाडीचा सीडीए ०.९, घडी घातलेल्या बुटक्या ट्रेलरसह १.५, आणि उंच डब्यासारख्या ट्रेलरसह २.६ धरू. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाला अनुक्रमे ८, १३ आणि २३ किलोवॅट लागतात. उंच ट्रेलर ताशी १०० किलोमीटरनं ओढला तर तेच २३ चे ३३ होतात. म्हणून वजन बसलं तरी उंची बघायची. काही कंपन्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा देतात.

ताईला लेक टाहोकडे जायचं तर इंटरस्टेट ८० वरची डॉनर समिट चढावी लागते. उंची सुमारे २,२०० मीटर. तिथे हवा विरळ असल्यानं साध्या इंजिनाची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं घटते. गाडी, माणसं आणि ट्रेलर मिळून ३,६०० किलो, चढ ६ टक्के आणि वेग ताशी ७२ किलोमीटर धरला तर चढासाठी ४२, टायरसाठी ८ आणि वाऱ्यासाठी ७, मिळून सुमारे ५७ किलोवॅट लागतात. सिएनाची एकत्रित ताकद २४५ अश्वशक्ती, म्हणजे १८३ किलोवॅट. लांब चढावर बॅटरीची मदत धरली नाही तरी भागतं. थोडक्यात, खरी अडचण इंजिनाची नाहीच.

अडचण उताराची आहे. ३,६०० किलो ३०० मीटर खाली येताना सुमारे १०.६ मेगाज्यूल ऊर्जा सोडतात. ती सगळी ४० किलो बिडाच्या डिस्कमध्ये गेली तर तापमान साडेपाचशे अंशांच्या वर चढेल. प्रत्यक्षात वारा आणि टायर काही वाटा घेतात, पण ब्रेक 'फेड' होणं म्हणजे काय ते यावरून कळतं. म्हणून खालचा गिअर, इंजिन ब्रेकिंग, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक. कॅलिफोर्नियात १,५०० पाउंड किंवा जास्त वजनाच्या कॅम्प ट्रेलरला ब्रेक कायद्यानंच लागतात. युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आहे.

६) मग कुठला?

टियरड्रॉप : थेंबाच्या आकाराचा, ५०० ते ८०० किलो. झोपायला दोघं, स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली. दोघांसाठी उत्तम.

फायबरग्लासचा 'अंडा' : कॅनडात विनिपेगला १९६८ मध्ये बोलर नावानं सुरू झालेला प्रकार. अमेरिकेतले स्कॅम्प आणि कसिटा त्याच घराण्यातले. दोन कवचं जोडून बनतो, सांधे कमी, म्हणून गळती कमी. १३ फुटी स्कॅम्प तर सिएनाला खेळणं. पण तो जास्तीत जास्त चौघांचा.

पॉप-अप : खाली पत्र्याचा डबा, वर उघडणारं कापडी छप्पर. सहा जण झोपतात, घडी घातल्यावर वाऱ्याला अडत नाही. तोटे म्हणजे मांडामांड, पाऊस झाला तर ओलं कापड पुन्हा वाळवणं, आणि अस्वलं! यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये कापडी भिंतींच्या ट्रेलरला परवानगीच नाही.

टणक भिंतींचे 'लाइटवेट' : उदाहरणार्थ एअरस्ट्रीमचा बेसकॅम्प १६, जीव्हीडब्ल्यूआर ३,५०० पाउंड. कागदावर बरोबर बसतो, सहा जणांच्या पेलोडमध्ये पूर्ण भरून बसत नाही.

शेवटी ताईनं ब्रेक असलेला ९०० किलोचा पॉप-अप घेतला. बाथरूमऐवजी छोटं पोर्टेबल टॉयलेट. दाजी थोडे नाराज झाले, पण ट्रक थांब्यावरच्या वजनकाट्याची पावती बघून त्यांनीच सगळ्यांना आकडे समजावून सांगितले.

७) जाता जाता

टंग वेट घरी मोजता येतं. मजबूत फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवा, दोन्ही टेकूंमध्ये ३ फूट अंतर. विटेपासून १ फुटावर ट्रेलरची दांडी टेकवा. काटा टंग वेटचा एक तृतीयांश दाखवेल, त्याला तीननं गुणा. (कसं ते मोमेंट घेऊन काढा, फर्स्ट इयरवाल्यांना होमवर्क!)

निघण्यापूर्वी टायरची हवा, दिवे, दांडीखाली फुली मारून लावलेल्या साखळ्या आणि ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच तपासायचा. युरोपात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिकडे टंग वेट साधारण ५ ते ७ टक्केच ठेवतात आणि वेगही कमी असतो. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. एकीकडचा नियम दुसरीकडे लावू नये.

थोडक्यात क्रम असा : आधी दारावरचं लेबल, मग माणसं आणि सामान, उरलेल्यातून टंग वेट, त्यावरून भरलेल्या ट्रेलरचं वजन, आणि सगळ्यात शेवटी ट्रेलरचं दुकान. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आपण इंजिनीअर आहोत, आपण सुलटा करू!

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी