हप्ता कधी सुरू होतो, ते आधी बघ

अगं, वर्गातल्या मुली जर्मनी-अमेरिकेच्या गोष्टी करतात म्हणून अशी कावरीबावरी होऊ नकोस. बस माझ्याजवळ, आज पैशांचं नीट बोलू.

शिकायला कर्ज काढण्यात काही कमीपणा नाही, हे मी बाबांनाही सांगितलंय. फक्त बँकेत गेलीस की व्याजाचा दर विचारण्याआधी एक गोष्ट विचार. शिकून झालं आणि नोकरीच लागली नाही, तर हप्त्याचं काय?

इंग्लंडमध्ये याचं उत्तर नियमातच आहे. 2023 पासून शिकायला लागलेल्यांना वर्षाला 25,000 पौंडांच्या वर जेवढा पगार मिळेल, त्या वरच्या रकमेच्या 9 टक्के कापले जातात. पगार त्याहून कमी असला तर हप्ता नाही, आणि 40 वर्षांनी उरलेलं कर्ज माफ. ऑस्ट्रेलियातही 1989 पासून हप्ता पगार बघूनच ठरतो. फी तिथेही भारी आहे, पण पोरगी घरी बसली म्हणून वसुलीवाला दारात येत नाही. मला हे माणुसकीचं वाटतं. आपल्याकडेही असंच हवं.

आपल्याकडे अभ्यासक्रम संपला, वर साधारण एक वर्ष गेलं, की हप्ता सुरू. तो तुझा पगार बघून ठरत नाही. हे बघ, कागदावरच मांडते. चार वर्षांचं इंजिनिअरिंग, दरवर्षी अडीच लाख, म्हणजे 10 लाख. व्याज 10 टक्के धरू, तेही सरळव्याज. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. झाले साडेतीन लाख. पहिला हप्ता भरायच्या आधीच कर्ज साडेतेरा लाखांवर गेलेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे 17,800 रुपये! पहिल्या नोकरीच्या पगारातून एवढे काढून बघ म्हणजे कळेल. आणि सहकर्जदार म्हणून सही बाबांची असते. तुला जमलं नाही तर बँक त्यांच्याकडे येणार, तेव्हा ते निवृत्तीला आलेले असतील. म्हणून शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरता आलं तर भरत जाऊ, मी हातभार लावीन.

पण त्याआधी कर्ज लागतंय का, ते बघ ना. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या कॅप राउंडमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. म्हणून नेरूळ-वाशीत घराजवळचं कॉलेज आवडलं तरी ते यात बसतं का, हे पर्याय भरायच्या आधी बघ. "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादाला लागलीस तर ही माफी गेलीच म्हणून समज.

तरीही कर्ज लागलंच, तर केंद्र सरकारच्या पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजनेच्या यादीत आपलं कॉलेज आहे का ते तपास. असेल तर तारण नको, जामीनदारही नको. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकतानाच्या आणि त्यानंतर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात व्याजात 3 टक्के सूटही मिळू शकते. खासगी फायनान्स कंपन्यांचा विचार सगळ्यात शेवटी.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, म्हणजे दहा लाखांच्या वरच. अमेरिकेत तर तिथल्याच मुलांवर दीड लाख कोटी डॉलरहून जास्त कर्ज आहे, आणि दिवाळं काढलं तरी ते सहसा सुटत नाही. तू जाशील तेव्हा कर्ज इथल्या बँकेचं असेल आणि नोकरी तिथल्या व्हिसावर टांगलेली. जा, पण पदवीनंतर, स्वतःच्या कमाईचे चार पैसे गाठीला बांधून. भाऊराव पाटलांनी गरिबांच्या पोरांना "कमवा आणि शिका" शिकवलं. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या वाशीतच आहे.

उद्या सकाळी आईला घेऊन सेतू केंद्रात जा, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाक. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात आणि दाखल्यावाचून फी माफीचा महाडीबीटी पोर्टलवरचा फॉर्म पुढे सरकत नाही. उत्पन्नाच्या पुराव्याला लागणारा बाबांचा फॉर्म 16 कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहे.