बाईचा शोध तिच्या नावाने लागत नाही

पणजीचा शोध घ्यायला निघालेली पोरं सगळ्यात आधी तिचं नाव शोधतात आणि तिथंच अडतात. बाईच्या बाबतीत नाव ही फार कच्ची खूण. माहेरी एक नाव, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, चाळीत ‘काझीपेटवाली’ नाहीतर ‘अमक्याची आई’, आणि रेशनकार्डावर कारकुनाला ऐकू आलं ते चौथंच. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयाद्यांतून वगळावी लागली, कारण ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची मुलगी’ यापलीकडे त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. सरकारला जे जमलं नाही ते तुम्ही एका दुपारी करायला जाऊ नका.

मी हयात रेल्वेच्या कारकुनीत काढली, त्यामुळे माझा कानमंत्र कारकुनाचाच आहे: बाई शोधायची तर तिच्या आजूबाजूच्या माणसांचे कागद धरा. तिची नोंद बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कागदावर असते. बापाच्या, नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या.

आमच्या पूर्णेत हे काम इतर गावांपेक्षा सोपं आहे, पण ते कुणाच्या ध्यानात येत नाही. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज १९०० च्या सुमारास इथून गेली, पुढे हिंगोलीचा फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. लोको शेड आलं, क्वार्टर्स आली, आणि क्वार्टर्समध्ये सुना आल्या. कुणी सिकंदराबादची, कुणी वारंगळकडची, कुणी गुंतकलची, कुणी परभणी-वसमतची. कित्येकींना आल्या त्या दिवशी मराठीचा एक शब्द येत नव्हता. आज त्यांच्या नातवंडांना तेलुगू येत नाही. अशा घरातून हमखास प्रश्न येतो, आजी नेमकी कुठली होती हो?

आजोबा रेल्वेत असतील तर आजी कागदावर आहे, एवढं पक्कं धरा. सर्व्हिस रजिस्टर बघा, त्यात कुटुंबाची माहिती असते. प्रॉव्हिडंट फंडाचं नॉमिनेशन बघा, तिथं बायकोचं नाव, नातं आणि वय लागतं. पेन्शनीचा पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, बघा. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शन तिलाच मिळायची, म्हणून नवराबायकोचा जोड फोटो चिकटवून घेत. पुष्कळ घरांत आजीचा तरुणपणचा नाही, पण कागदावरचा हा एक फोटो तरी सापडतो.

सगळ्यात गोड कागद म्हणजे पासाचा अर्ज. त्यावर पासात येणाऱ्या माणसांची यादी असते: बायको, मुलं, विधवा आई, बिनलग्नाची बहीण. वापरलेला पास जमा होत असल्यामुळे तो घरात क्वचितच राहतो, पण अर्जाची नक्कल, रद्द झालेला पास किंवा कार्यालयातली नोंद यांतलं काहीतरी हाती लागतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे पास कुठून कुठपर्यंतचा. सुट्टीत दरवर्षी त्याच एका स्टेशनाचा पास निघत असेल, तर ते स्टेशन बहुतेक आजीचं माहेर किंवा माहेराजवळचं ठिकाण समजा. दुसरी गोष्ट मुलांची यादी. एका वर्षी यादीत एक नाव असतं, दोन वर्षांनी तेच नाव नसतं, आणि घरात त्या मुलाबद्दल कुणी कधी बोललेलं नसतं. दोन भावंडांत सहा-सात वर्षांचं अंतर दिसलं तरी तिथं थांबा. एखादं लेकरू गेलेलं असू शकतं. हे आजीच्या मुलीला एकदम विचारू नका. आपण विषय काढायचा आणि गप्प बसायचं.

कचेरीत अर्ज करताना वर्ष सांभाळा, नाहीतर एका खिडकीवरून दुसरीकडे फिरत राहाल. इथली रेल्वे आधी निजामाची होती. ती १९५० मध्ये भारत सरकारकडे आली, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि नांदेड विभाग २००३ मध्ये निघाला. आजोबा कोणत्या साली रिटायर झाले, यावर कुठल्या कार्यालयाला विचारायचं ते ठरतं. पीएफ नंबर किंवा पीपीओ नंबर असेल तर निम्मं काम झालं.

आता निजामाच्या काळातले कागद. हे उर्दूत असतात आणि त्यावर साल फसली, म्हणजे महसुलाचं, असतं. पोरं ते हिजरी समजून घोळ घालतात. हिशेब सोपा आहे: हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवा, आणि जानेवारीपासूनचे महिने असतील तर ५९१. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजर महिन्याने सुरू होतं. कागदावर खुर्दाद १३४० असेल तर तो १९३१ चा एप्रिल झाला. वहीच्या पुठ्ठ्यावर बारा महिन्यांची नावं क्रमाने लिहून ठेवा: आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. उर्दू वाचणारे जुने गृहस्थ गावात अजून आहेत. चहा पाजून कागद पुढे ठेवा, आणि वाचून घेताना लिप्यंतर व अर्थ दोन्ही लिहून घ्या. तारखेत एक अक्षर चुकलं तर पणजी जन्माच्या आधीच लग्न करून बसते.

२०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडली गेली. लोक मोडी शिकले, उर्दू जाणकारांच्या दारी गेले, तहसिलातल्या कपाटांना हात लागले. चांगलंच झालं. पण ती सगळी शोधाशोध बापाच्या बाजूने होती, कारण जातीचा दाखला बापाकडून चालतो. आजीच्या बापाचं गाव कुठलं, हे त्या धावपळीत कुणीच विचारलं नाही. दप्तरं उघडलीच आहेत तर हेही विचारा.

त्यासाठी एक कागद फार उपयोगी पडतो आणि तो सासरी नाही, माहेरच्या तलाठ्याकडे असतो. पणजीचा बाप वारला तेव्हा वारसांची नोंद झाली असेल, गाव नमुना ६-क आणि त्यावरचा फेरफार. त्यात मुलींची नावं सासरच्या गावासकट येतात. ‘गंगाबाई भ्र. किसन, रा. पूर्णा’ अशी एक ओळ मिळाली की दोन गावं एका कागदावर जुळली. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. काही वेळा मुलींची नावंच नसतात, पण हक्कसोड पत्र असतं, आणि त्यावर सगळ्या बहिणींचे अंगठे असतात. हक्क गेला, नोंद राहिली. जमिनीचा जुना माग घ्यायचा तर १९५४-५५ चं खासरा पत्रक मागा.

मात्र पहिल्याच भेटीत सातबारा मागू नका. ‘वाटणी मागायला आला का?’ असा चेहरा होतो आणि मग ट्रंक उघडत नाही. आधी नातं सांगा, जेवा, जुने फोटो दाखवा. कागद दुसऱ्या भेटीत.

घरातले कागद लोक कागदच समजत नाहीत. आहेराची वही बघा. एक रकाना नावाचा, एक रकमेचा, एक ‘खण’, एक ‘लुगडं’. बाजूला गाव लिहिलेलं असतं. लग्नात मामा म्हणून कोण उभा राहिला, खण कुणी दिला, यावरून आजीच्या माहेरची माणसं ओळखता येतात. पितळी घागरी आणि तांबे उलटे करून बघा. मोडीत गेलेल्या भांड्याबरोबर अर्धा इतिहास गेलेला असतो. उरलेल्या भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं, ‘हिस लग्नात मावशीकडून’ असं, आणि कधी सालही. उजेडाकडे तिरकं धरा, घासून पुसट झालेली अक्षरंसुद्धा दिसतात. फोटो काढून ठेवा, राखेने घासू नका.

ज्यांच्याकडे पितृपक्षात तर्पण होतं त्यांनी गुरुजींसाठी लिहिलेली नावांची चिठ्ठी जपावी. त्यात माता, पितामही, प्रपितामही अशी वर चढत बायकांची नावं असतात, आणि सापत्न माता असेल तर तिचंही. पणजोबांची पहिली बायको होती हे कित्येक घरांत त्या चिठ्ठीवरूनच कळतं. मुसलमान घरांत निकाहनामा असतो. त्यावर मुलीच्या बापाचं नाव आणि मेहेरची रक्कम लिहिलेली असते, आणि काझींकडे नोंद असते. ख्रिस्ती घरांत चर्चची बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही. रेल्वेतल्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांतल्या चर्चनोंदींच्या नकला लंडनला जात, त्या तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

बाई परदेशी गेली असेल तर? आपल्याकडे याचं थोर उदाहरण आहेच. डॉ. आनंदीबाई जोशी. माहेरचं नाव यमुना, जन्म १८६५, अमेरिकेतल्या कागदांवर आडनाव ‘जोशी’चं स्पेलिंग त्या काळच्या पद्धतीचं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. पण त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला, ज्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आसरा दिला त्यांच्याच कौटुंबिक जागेत आहेत. जोशी घराण्यात शोधत बसला असता तर तो दगड कुणाला सापडलाच नसता. हेच तुमच्या पणजीला लावा, तिचा शेवटचा कागद दुसऱ्याच घरात असू शकतो. आनंदीबाईंचा शोध नंतर लोकांनी पत्रांवरून, कॉलेजच्या नोंदींवरून घेतला. अंजली कीर्तने यांचं चरित्र त्यासाठी जरूर वाचा. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ वाचा, पण ती कादंबरी आहे, पुरावा नव्हे. घरातल्या आठवणींनाही हाच नियम. मावशी रंगवून सांगते ते वहीत ‘मावशीने सांगितलं’ असंच लिहा.

नावाचा हा घोळ फक्त आपल्याकडेच नाही. स्वीडनमधून एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला दहा लाखांवर माणसं अमेरिकेला गेली. त्यात एकट्याच जहाजात बसलेल्या मुलीही पुष्कळ. त्यांच्या पणतवंडांनाही हीच अडचण येते. गावी ‘अँडर्सची मुलगी’ म्हणून अँडर्सडॉटर, अमेरिकेत पोचताच अँडरसन, लग्नानंतर तिसरंच काही. पण त्यांचा पाद्री घराघरांत कोण राहतं, कोण आलं आणि कोण गाव सोडून गेलं याची वही ठेवायचा, म्हणून माग लागतो. आपल्याकडे असा पाद्री नाही. आपल्याकडे आहेराची वही आहे आणि पासाचा अर्ज आहे.

म्हाताऱ्या बायकांना विचारण्याचीही रीत असते. तारीख विचारू नका, ती त्यांना माहीत नसते आणि उगीच ओशाळतात. प्रसंग विचारा. पोलीस ॲक्शनच्या वेळी (निजामाचं राज्य गेलं तेव्हा) कुठं होतात? थोरला पोटात होता का रांगत होता? बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं होतं का? एवढ्यावरून वर्ष बांधता येतं. वाती वळताना, शेंगा सोलताना विचारा, हात चालू असले की बोलणं मोकळं होतं. मोबाइल मांडीवर ठेवून रेकॉर्डिंग करताना आधी सांगा. चोरून रेकॉर्ड करू नका. पाट लावलेली, सवतीवर आलेली, घरातून निघून गेलेली अशी बाई सापडली तर तिच्या लेकीसुनांना विचारल्याखेरीज ती गोष्ट व्हॉट्सॲपवर टाकू नका.

एवढंच सांगायचं होतं. राहिली एक विनंती. क्वार्टर सोडताना किंवा जुनं घर पाडताना ट्रंकेतले पास, पीपीओ, रेशनकार्ड, आहेराच्या वह्या रद्दीवाल्याला किलोवर घालू नका. निदान फोटो काढा, आणि घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने कोण, कुठली, कुणाची लेक, ते लिहा.